पन्नाशीनंतर छताखाली व्यायाम करायचा, पण नेमका कुठे?

तळजाईकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५३ असून मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते आणि शिवाजीनगरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. गेली अकरा-बारा वर्षे माझा व्यायाम म्हणजे पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाऊन येणे एवढाच होता आणि तो मला पुरेसा वाटत होता. मागच्या ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या उतारावर पाय घसरला, सावरण्यासाठी हात टेकवला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यायला सांगितली. त्यात खुब्याचा टी-स्कोअर उणे १.९ आला. पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली आहेत आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लिहून दिले आणि निघताना एवढेच म्हणाले, ‘चालणे सोडू नका, पण आता वजने उचलायला शिका.’ कुठे शिकायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही तेव्हा विचारायचे सुचले नाही.

माझ्यासमोर सध्या पाच वाटा आहेत. सोसायटीच्या तळघरात जिम आहे. तिचे पैसे देखभाल शुल्कातूनच जातात, पण तिथे शिकवणारे कोणी नाही. घरापासून अडीच किलोमीटरवर एक मोठी वातानुकूलित जिम आहे. वर्षाचे २२,००० रुपये सांगतात आणि या आठवड्यात भरल्यास तीन महिने जास्तीचे देतात. शेजारच्या इमारतीत योगवर्ग चालतो, तिथे मी पूर्वी सहा महिने जात होते आणि शिक्षिका मन लावून शिकवतात. पेठेत एक जुनी व्यायामशाळा आहे, जिथे माझा भाऊ लहानपणी मल्लखांबाला जात असे. मुलाचे मत असे की दोन डंबेल्स आणून घरीच व्हिडिओ पाहून व्यायाम करावा.

जाहिराती सर्वांच्याच चांगल्या असतात. आपण स्वतः हे ठिकाण कसे निवडलेत, निवडताना काय पाहिलेत आणि काय पाहायचे राहून गेले, हे कोणी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

शुभदा_फिजिओ

ताई, मी फिजिओथेरपिस्ट असून २६ वर्षे रुग्णालयात काम करून आता निवृत्त झाले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ठिकाणापासून सुरू न करता तुमच्या अहवालापासून सुरू करते. कोणती जागा चांगली, हे तिथे जाऊन काय करायचे आहे त्यावर ठरते आणि बहुतेक माणसे नेमका हाच क्रम उलटा लावतात.

टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असल्यास हाडांची घनता कमी झाली आहे असे म्हणतात, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, परंतु उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले ही गोष्ट त्या आकड्याइतकीच गांभीर्याने घ्यायला हवी. हाड हा जिवंत ऊतक आहे. त्यावर नेहमीपेक्षा जास्त भार आला, तरच ते स्वतःला बळकट करण्याचा खटाटोप करते. बारा वर्षे तीच टेकडी त्याच गतीने चढल्यावर हाडांच्या दृष्टीने त्यात नवे काही उरत नाही. हृदयासाठी ती टेकडी उत्तमच आहे, म्हणून डॉक्टरांनी चालणे सोडू नका असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत : प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा. तुमचा पहिला भाग बऱ्याच अंशी होत होता. ठिकाण शोधायचे आहे ते दुसऱ्या भागासाठी, म्हणजे आठवड्यातून दोन दिवसांसाठी. रोज जाता येईल अशी जागा हवी, ही अट मनातून काढलीत तर तुमचे पर्याय लगेच वाढतील.

ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, चांगले जड वजन उचलले. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी जड वजन उचलणाऱ्यांच्या कण्याची घनता वाढलेली आढळली. या अभ्यासाचा उल्लेख हल्ली पुष्कळ जण करतात, पण त्यातले एक वाक्य गाळून करतात : प्रत्येक सत्रात प्रशिक्षित व्यक्ती समोर उभी होती आणि सुरुवातीचे काही आठवडे केवळ हालचाल नीट बसवण्यात गेले होते. म्हणून तुमच्या बाबतीत यंत्रे, वातानुकूलन आणि आरसे यांच्या आधी शिकवणारा माणूस पाहा.

तो कसा ओळखायचा, याची माझी एक साधी कसोटी आहे. पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला काय विचारले, हे लक्षात ठेवा. ज्याने फक्त ‘किती किलो कमी करायचे आहेत?’ असे विचारले, त्याने तुम्हाला पाहिलेच नाही. मनगट कधी मोडले, रक्तदाबाची गोळी केव्हा घेता, खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, पूर्वी कंबर धरली होती का, असे विचारणारा आणि तुम्ही न सांगता अहवाल मागणारा माणूस दहा बाय पंधराच्या खोलीत शिकवत असला तरी चालेल. रक्तदाब असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडून धरला, तर दाब क्षणात खूप वर जातो; म्हणून ‘उचलताना श्वास सोडा’ हे वाक्य तो इतरांना सांगतो का, हे पाच मिनिटे कोपऱ्यात बसून ऐका.

साहित्यात एकच गोष्ट बारकाईने पाहा, ती म्हणजे वजनांमधले टप्पे. पुष्कळ ठिकाणी डंबेल्स पाच किलोपासून सुरू होतात आणि त्यानंतर एकदम साडेसात. पाचवरून साडेसातवर जाणे म्हणजे एका दमात दीडपट. पंचविशीतल्या मुलाला ते जमते, नुकतेच प्लास्टर निघालेल्या मनगटाला जमत नाही. एक, दोन, तीन, चार असे किलो-किलोने चढता येईल अशी जागा शोधा. तसेच, नेहमीचा मोठा बार, म्हणजे वजने अडकवण्याची लोखंडी दांडी, नुसताच २० किलोचा असतो आणि स्त्रियांसाठीचा १५ किलोचा. यांहून हलका बार किंवा केटलबेल (वर मूठ असलेला वजनाचा गोळा) नसेल, तर तुमची सुरुवातच अडेल.

योगवर्गाबद्दल माझा आकस नाही. तोल आणि लवचीकता यांसाठी तो उपयोगी आहेच आणि पडू नये म्हणून तोल लागतोच. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, उशा यांचा आधार देऊन आसने करून घेतात; शिवाजीनगरला मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून हे काम करत आहे. मात्र हाडांना लागणारा वाढता भार केवळ आसनांतून मिळवणे अवघड आहे. शिवाय कण्याची घनता कमी असल्यास पाठ गोल करून पुढे झुकण्याची आसने, विशेषतः झटक्याने केलेली, टाळावी लागतात. शिक्षिकेला अहवाल दाखवा आणि ती आसने बदलून मागा. जुन्या विद्यार्थिनीचे शरीर मागच्या वेळेसारखेच असेल असे त्या गृहीत धरू शकतात.

घरी सुरू करू नका, असे मात्र स्पष्ट सांगते. व्हिडिओतला माणूस तुम्हाला दिसतो, पण तुमची वाकलेली पाठ त्याला दिसत नाही. सहा महिने कोणाच्या तरी नजरेखाली शिका, मग खुशाल घरी करा.

हिशेबनीस

वरील उत्तर शरीराच्या बाजूने परिपूर्ण आहे, म्हणून मी फक्त पैशांबद्दल लिहितो.

‘या आठवड्यात भरल्यास तीन महिने जास्तीचे’ हे वाक्य ऐकताच तो आठवडा जाऊ द्यावा, असे माझे मत आहे. २०१९ साली मी अशाच एका ठिकाणी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. पाचव्या महिन्यात एका सकाळी दाराला कुलूप होते आणि काचेवर ‘नूतनीकरणासाठी बंद’ असा कागद चिकटवलेला होता. ते नूतनीकरण आजतागायत चालू आहे. पावतीवर मालकाचे नाव नव्हते, संस्थेचा पत्ता म्हणून त्याच बंद दुकानाचा पत्ता होता आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे छापले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवता येते. परंतु समोरचा माणूसच सापडत नसेल तर कायदा कोणाला बजावणार? तेव्हापासून मी पावतीची मागची बाजू आधी वाचतो.

हे झाले फसवणुकीचे. पण जिम अगदी प्रामाणिक असली तरी वर्षाचा करार बहुतेकांना महागच पडतो आणि त्यात दोष आपला असतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील तीन जिमच्या सुमारे ७,७०० सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक शुल्काचा करार केलेली माणसे सरासरीने महिन्यातून चारच्या आसपास वेळा येत होती, म्हणजे दर खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये १० खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. पैसे भरताना माणूस आज जसा आहे तसा हिशेब करत नाही. पुढच्या महिन्यापासून आपण जसे होणार आहोत त्या माणसाचा हिशेब करतो.

ताई, तुमचा आकडा घेऊ. आठवड्यातून दोनदा वर्षभर नेमाने गेलात, तर साधारण १०० खेपा आणि दर खेपेला २२० रुपये. हे स्वस्तच आहे. पण दिवाळी, लग्नसराई, कार्यालयातला मार्चअखेर आणि घरातली आजारपणे वजा जाता ३० च खेपा झाल्या, तर एक खेप ७३३ रुपयांना पडेल. म्हणून आधी एका महिन्याचे पैसे भरा, मग तीन महिन्यांचे. दर महिन्याच्या हिशेबाने ते महाग दिसेल. तो जास्तीचा पैसा आपण स्वतःला ओळखण्यासाठी दिला असे समजा.

जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योगवर्ग अशा सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. सांगितलेल्या रकमेत कर धरलेला आहे का आणि कोणत्या दराने, हे जरूर विचारा. २०,००० रुपयांवर पूर्वी २३,६०० होत असत, आता २१,००० व्हायला हवेत. नव्या दराबरोबर त्यांना खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे काहींनी मूळ शुल्कच वाढवले तर नवल नाही. पण विचारल्याने निदान आपण विचारणारे गिऱ्हाईक आहोत, हे त्यांना कळते.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी वेगळे मत मांडते. माझे वय ४५, वजन ९४ किलो. सोसायटीची जिम फुकट, जवळ आणि बऱ्यापैकी सुसज्ज होती; तरीही दीड वर्षात मी तिथे पाच वेळा गेले. कारण तिथे सगळे ओळखीचे. ट्रेडमिलवर धाप लागली की शेजारच्या काकू ‘अगं, हळू हळू’ म्हणणार, संध्याकाळी त्यांच्या सूनबाई लिफ्टमध्ये ‘जिम सुरू केलीत वाटतं!’ म्हणणार आणि चार दिवस गेले नाही की त्याचीही चौकशी होणार. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण मला घाम गाळायला अशी जागा हवी होती, जिथे माझे नाव कोणाला ठाऊक नाही.

म्हणून मी घरापासून दूरची मोठी जिम निवडली आणि त्या अनोळखी गर्दीत मी पहिल्यांदा मोकळेपणाने व्यायाम केला. मोठ्या जिमला नावे ठेवण्याची पद्धत आहे. माझ्यासारख्या बाईला मात्र तिथे कोणी ढुंकून पाहत नाही, हीच मोठी सोय वाटली.

तिथला धोका दुसरा आहे. फ्लोअरवर फिरणारे प्रशिक्षक सर्वांसाठी असतात असे सांगितले जाते, परंतु त्यांचे लक्ष ज्यांनी पर्सनल ट्रेनिंगचे वेगळे पैसे भरले आहेत त्यांच्याकडेच असते. दुसऱ्या दिवसापासून ते पॅकेज घेण्याचा आग्रह सुरू होतो. त्यामुळे ताईंनी वर्गणीचा आकडा पाहताना प्रशिक्षकाचे वेगळे शुल्क मिळवूनच तुलना करावी. आणि जागा पाहायला रविवारी दुपारी मुळीच जाऊ नये. ज्या वेळी आपण रोज जाणार, त्याच वेळी, शक्यतो सोमवारी जावे. संध्याकाळी सातला बार ठेवण्याच्या एका रॅकसाठी चार जण ताटकळत उभे दिसले, तर दुपारच्या मोकळ्या हॉलचा काय उपयोग?

मुद्गल

जुन्या व्यायामशाळेचा पर्याय कोणीच विचारात घेतला नाही, म्हणून लिहितो. माझे बालपण पेठेतल्या एका तालमीत आणि तरुणपण एका व्यायामशाळेत गेले. हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण फरक आहे. तालीम म्हणजे हौदातली लाल माती, कुस्ती, जोर आणि बैठका. तिथे स्त्रियांना शिरकाव नसे. व्यायामशाळा ही नंतरच्या काळातली, संस्थेच्या स्वरूपाची गोष्ट आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी उभारलेले पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. शरीर कमावणे हे समाजाचे काम आहे, अशा समजुतीतून ही ठिकाणे उभी राहिली, म्हणून आजही अशा बऱ्याच ठिकाणचे शुल्क खासगी जिमपेक्षा पुष्कळ कमी असते.

तिथे मला जे मिळाले, त्याला वरच्या प्रतिसादातल्या ताई कदाचित जाच म्हणतील. दोन दिवस गेलो नाही की तिसऱ्या दिवशी सर दारातच विचारत, ‘काय रे, आजारी होतास की आळशी?’ माझ्या आयुष्यात व्यायाम टिकला तो त्या प्रश्नाच्या धाकाने. आज ६१ व्या वर्षी मी घरच्या गच्चीच्या खोलीत मुद्गल फिरवतो, पण हात कोणत्या कोनातून मागे न्यायचा हे शिकवणारा माणूस तेव्हा भेटला नसता, तर खांदा केव्हाच निकामी झाला असता.

आता कौतुकापुढचे खरे सांगतो. आमच्या व्यायामशाळेत स्त्रियांची वेळ दुपारी तीन ते पाच आहे. गृहिणींना ती सोयीची असेल. शिवाजीनगरला नोकरी करणाऱ्या बाईला ती असून नसल्यासारखी आहे. शिकवणाऱ्यांचा हात मुलांवर आणि स्पर्धेतल्या खेळाडूंवर बसलेला असतो. पन्नाशीच्या नवख्या माणसाला काय द्यायचे, याचा विचार सगळीकडे झालेला नाही. ‘पन्नास बैठका मारा’ असे सरसकट सांगणारे आजही आहेत. त्यामुळे ताईंनी पेठेत जरूर चौकशी करावी, पण भावाच्या आठवणीवर विसंबून पैसे भरू नयेत. भाऊ तेव्हा दहा वर्षांचा असणार.

नागपुरी_मे

एकच मुद्दा. हवा पाहा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून व्यायाम छताखाली येतो आणि पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये कूलर लावून भागवतात. बाहेर कोरडी हवा असते तोवर कूलर चालतो. पावसाळा लागला की तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो, घाम अंगावरून वाळत नाही आणि घाम वाळलाच नाही तर शरीर थंड होत नाही. पुण्यात कूलरची गरज नसेल, पण तळघरातली जिम पावसाळ्यात कशी असते, ते जुलैमध्ये आत जाऊन वास घेऊन पाहा. रबराच्या चटईचा कोपरा उचलून खाली ओल आहे का, तेही बघा. एकदा घसरून झालेच आहे, दुसऱ्यांदा नको.

तळजाईकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण सांगितल्याप्रमाणे मी खरोखरच सगळी ठिकाणे पाहत फिरले.

सोसायटीच्या जिममध्ये मी सकाळी सव्वासहाला गेले. कुलूप होते, किल्ली सुरक्षारक्षकाकडे आणि तो पाण्याचा टँकर आत घेण्यात गुंतलेला. सातला दार उघडले. डंबेल्स पाच किलोपासूनच सुरू होत होते आणि त्यांतलाही एका जोडीचा एकच शिल्लक होता. खेचण्याच्या यंत्राची तार एका ठिकाणी उसवली होती आणि तिच्यावर कोणी तरी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला आहे, पण त्यावर विसंबून राहणार नाही.

मोठ्या जिममध्ये सोमवारी संध्याकाळी सातला गेले. गर्दी जेवढी सांगितली तेवढीच होती. प्रशिक्षक तरुण आणि नम्र होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मॅडम, किती किलो कमी करायचे?’ शुभदाताई, मला हसू आवरले नाही. प्रशिक्षकाचे वेगळे शुल्क मिळवल्यावर २२,००० चे ५२,००० होत होते. व्यायामशाळेत महिलांची वेळ चार ते सहा निघाली; तिथले वृद्ध सर भावाला ओळखत होते आणि त्यांनी चहा पाजला, पण वेळ जुळत नाही तिथे काय करणार?

या फेऱ्यांत माझ्या लक्षात आले की मी आतापर्यंत सगळी ठिकाणे घराच्या आसपास शोधत होते. सकाळी सासूबाईंचे पथ्याचे जेवण, दोघांचे डबे आणि पाणी भरणे यांतून माझा खरा मोकळा वेळ उरतच नाही. पूर्वी टेकडीला जात असे तेव्हा सासूबाईंची तब्येत ठीक होती. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर पुन्हा बाहेर पडणे मला जमत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले. तेव्हा कार्यालय सुटल्यावर, बस पकडण्याच्या आधी जे काही होईल तेवढेच. तसे शोधल्यावर कार्यालयामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एक जोडपे चालवत असलेली छोटी जागा सापडली. दोन खोल्या, एका वेळी सहा जण, ट्रेडमिल एकही नाही, वातानुकूलन नाही, पण समोरासमोर खिडक्या आहेत. बाईंनी पहिल्या दिवशी मला खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लावले, एका पायावर उभे केले आणि अहवालाचा फोटो मागून घेतला. वजने एक किलोपासून आहेत.

एका महिन्याचेच पैसे भरले. सोमवार आणि गुरुवार, सव्वासहा ते सात. त्या सहांमध्ये माझ्या कार्यालयातले कोणी नाही, त्यामुळे ‘कोपऱ्यातली_खुर्ची’ यांचे म्हणणेही आपोआप पाळले गेले. मात्र मागच्या गुरुवारी बैठकीमुळे जाता आले नाही, तेव्हा पावणेसातला बाईंचा फोन आला, त्यामुळे मुद्गल काकांचेही. सात खेपा झाल्या आहेत. सध्या आठ किलोची केटलबेल जमिनीवरून उचलते. मनगट दुखत नाही.

शुभदाताई, एक शंका आहे. सोमवारनंतर मंगळवारी आणि बुधवारी मांड्या इतक्या भरून येतात की कार्यालयाचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. अशा वेळी बुधवारी संध्याकाळी सपाटीवर चालायला जावे, की पूर्ण विश्रांती घ्यावी?

शुभदा_फिजिओ

चालायला जा, फक्त गती नेहमीपेक्षा कमी ठेवा. नव्या व्यायामानंतर स्नायू असे भरून येणे साधारण दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत जास्त जाणवते आणि हलक्या हालचालीने ते उलट सुसह्य होते. दोन्ही मांड्या सारख्याच, पसरट दुखत असतील तर काळजी नाही. एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, गुडघा सुजला असेल किंवा पाठीच्या मणक्यात नव्याने कळ येत असेल, तर गुरुवारी वजन न उचलता आधी बाईंना आणि मग डॉक्टरांना सांगा. आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो असे लिहिले आहे, ते दुखणे असेपर्यंत तसेच चालू ठेवा.